बाटलीवरची चिठ्ठी

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या साहेबांनी भर वैशाखात खालापूरच्या अंबूबाईच्या शेतातल्या राबाची राख बाटलीत भरली, तिच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि सांगितलं, "यातला कार्बन खाडीत उतरतो. गेल्या महिन्यात तळ काळा पडला, मासळी मेली. राब बंद करायला सरकारला सांगतोय." अंबूबाईचा तिळपापड झाला. पालापाचोळा भाजल्याशिवाय भाताचं रोप तरारत नाही, हे याला कोण सांगणार? "सा महिने पाऊस नाय, मंग माझी राख काय खाडीत चालत गेली?" तिनं बाटली हिसकावून त्यांना कोरड्या ओढ्यातून खाली नेलं. वळणावर कारखान्याचा पाइप काळंकुट्ट पाणी ओकत होता. तिथून पुढंच ओढा खाडीकडं वाहत होता. साहेब चाचरले, "इथलं पाणी घ्यायची परवानगी नाही." तिनं राख फेकली, पाइपाखाली बाटली काठोकाठ भरली. "घ्या. चिठ्ठी माझ्याच नावाची, कुनी इचारनार नाय."