दवाखान्याचा पत्ता

बेबीताईंनी आपल्या लेकाचं दारूचं व्यसन गावापासून लपवलं होतं. शेखरला कावीळ झालीय, असंच सांगत. त्या सकाळी शेखर स्वतःच म्हणाला, "आई, मले कुठंतरी भरती कर. आज नेलं नाही, तर उद्या मीच नाही म्हणीन." पण न्यायचं कुठं? त्याला घेऊन त्या चांदूर बाजारच्या मंडईत आपल्या भाजीच्या दुकानावर आल्या, पदर खोचला आणि ओरडल्या, "माह्या पोराची दारू सोडवाची हाय. दवाखाना कोणाले ठाऊक हाय?" समोरची फुलवाली वर्षाली उठली. "अमरावतीत हाय. माह्या नवऱ्याले मीच नेलं होतं." "कधी बोलली नाहीस!" "तुमी तरी कुठं बोलल्या, काकू?" फुलं तशीच टाकून ती दोघांसोबत एसटीत बसली. संध्याकाळी शेखरला भरती करून बेबीताई बाजारात परतल्या. एका बाईनं कानाशी येऊन पत्ता विचारला. त्यांनी तो मोठ्यानं सांगितला.