अशक्यचं बटण

"ते बटण आजच्या आज काढा, अम्मा. नाहीतर उद्यापासून येऊ नका," वीरभद्रराव म्हणाले आणि त्यांनी पूतरेकुलूचा डबा कामेश्वरीपुढे सरकवला.

नोकरी जाण्याच्या बेतात असताना गोड खावं की खाऊ नये, हे तिला कळेना. तिने एक उचललं. ती कागदासारखी पातळ मिठाई तोंडात टाकताच विरघळली आणि तोंडात घास आहे म्हणून गप्प बसायची सोयही राहिली नाही.

दिलसुखनगरमधल्या वीरभद्ररावांच्या शिकवणी वर्गात कामेश्वरी गणिताचे ऑनलाइन प्रश्न तयार करायची. प्रश्न तिचा, आकडे संगणकाचे. शेजाऱ्याचं बघून लिहिता येऊ नये म्हणून संगणक प्रत्येक मुलाला वेगळे आकडे द्यायचा. पण त्याला पाचपोच अजिबात नव्हता. गेल्या महिन्यात वयाच्या गणितात त्याने बारा वर्षांच्या बापाला चाळीस वर्षांचा मुलगा दिला. असे बाप वीसेक मुलांच्या वाट्याला आले आणि सगळ्यांनी मान खाली घालून उत्तर काढलं. एकालाही हसू फुटलं नाही, याचं कामेश्वरीला फार वाईट वाटलं.

म्हणून त्रिकोणाच्या प्रश्नात तिने असले वेडेवाकडे आकडे मुद्दाम राहू दिले आणि खाली एक बटण ठेवलं: 'असा त्रिकोण होणारच नाही'.

"आधी बघायचं, मग सूत्र लावायचं, एवढंच शिकवायचंय मला, सर."

"आणि पालकांना मी काय सांगू? तुमच्या लेकरांना उत्तर नसलेले प्रश्न देतो म्हणून? जरा वर बघा!"

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर हातभर सोनेरी अक्षरं होती. अशक्य असं काही नाही.

"वर हे, आणि खाली तुमचं बटण! अहो, तीन बाजू दिल्या की झाला त्रिकोण. बिचाऱ्या बाजूंनी तुमचं काय घोडं मारलंय?"

कामेश्वरीने कोपऱ्यातला खराटा उचलला. त्याची एक काडी उपसली आणि तिचे तीन तुकडे केले. एक लांब, दोन आखूड. लांब तुकडा टेबलावर ठेवला, त्याच्या दोन टोकांना दोन आखूड तुकडे लावून एकमेकांकडे कलते केले. मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं.

"हे दोघे मिळून या एकाच्या लांबीला पुरत नाहीत, सर. भेटणार कसे?"

"टेबलावर खराटा?" वीरभद्रराव ताडकन उठले. "आज माझी रजिस्ट्री, आणि तुम्ही टेबलावर खराटा ठेवताय?"

मिठाई त्या रजिस्ट्रीचीच होती. शहराबाहेर त्यांनी तीन कोपऱ्यांचा प्लॉट ठरवला होता. वास्तू बघणारे लोक तीन कोपऱ्यांच्या जागेला उभे राहत नाहीत, म्हणून तो अर्ध्या भावात मिळत होता. "आपण गणितातली माणसं. कोपरे तीन असोत की चार, आपल्याला काय त्याचं!" हे सकाळपासून त्यांनी शिपायापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. ऊन फार होतं म्हणून जागा त्यांनी गाडीच्या काचेतूनच बघितली होती. मात्र रजिस्ट्रीला दीडनंतरच निघायचं होतं, कारण बुधवारी तोवर राहुकाल असतो. ते सगळं बायकोचं खूळ, असं म्हणून त्यांनी स्वतःच पुन्हा घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"थांबा. तुमचं बटण किती बिनकामाचं आहे ते दाखवतोच," त्यांनी फाइल उघडली, चष्मा चढवला. "खराखुरा त्रिकोण घाला. माझा प्लॉट. लिहा, पश्चिमेला पन्नास फूट. दक्षिणेला साठ. आणि रस्त्याला एकशे वीस! रस्त्याला एकशे वीस फूट मिळायला नशीब लागतं, अम्मा. हं, काढा क्षेत्रफळ."

कामेश्वरीचं बोट हवेतच थांबलं. बोलावं तरी नोकरी जाणार, न बोलावं तरी जाणार.

"सर, उत्तराची कळ तुम्हीच दाबा," ती हळूच म्हणाली.

त्यांनी ऐटीत दाबलं. पडद्यावर उत्तर म्हणून बटणावरचीच अक्षरं उमटली. असा त्रिकोण होणारच नाही.

वीरभद्ररावांनी बाजूंचा क्रम बदलला. साठ, एकशे वीस, पन्नास. तेच. एकशे वीस आधी घेतले. तेच. मग त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मग कामेश्वरीकडे न बघता खराट्यातून एक काडी उपसली, पट्टी घेऊन पाच, सहा आणि बारा सेंटीमीटरचे तुकडे मोजून तोडले आणि टेबलावर मांडले. वाऱ्याने हलत असतील म्हणून पंखासुद्धा बंद केला. तुकडे काही भेटेनात.

त्यांनी दलालाला फोन लावला.

"मल्लेशम, त्या पन्नास आणि साठच्या बाजू एकमेकींना भेटतात कुठे रे?"

"नकाशात भेटतात की, सर!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "तुम्ही बघितलाय ना नकाशा!"

"आणि जागेवर?"

"जागेवर... सर, आधी रजिस्ट्री तर होऊ दे."

घड्याळात दीड वाजला. राहुकाल संपला. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. वीरभद्रराव उठले नाहीत. त्यांनी फाइल खणात टाकली, मिठाईच्या डब्याला झाकण लावलं आणि भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांकडे पाठ करून बसले.

"कामेश्वरी गारू," ते म्हणाले. चार वर्षं नुसतं अम्मा म्हणणाऱ्या त्यांच्या तोंडून हे मानाचं गारू तिने पहिल्यांदाच ऐकलं. "ते बटण राहू द्या. आणि जरा मोठं करा."