खिंडीपलीकडची मदत

"हळू रे, मेलो!" हरीश कळवळला.

उदयनं त्याचा पाय काठीला घट्ट बांधला. नडगी मोडली होती. स्कॉटलंडच्या या बर्फाळ डोंगरात दोघंच सरावाला आले होते, उदयच्या गाडीतून. पुढच्या वर्षी, दोन हजार आठला, ब्रिटिश टीमबरोबर दक्षिण ध्रुव गाठायचा होता. दोराची जबाबदारी उदयची. आज त्यानंच मारलेली गाठ सुटून हरीश खाली कोसळला होता.

"गाठ मारलीस की लाडू वळलास?" अशातही हरीशला चेष्टा सुचली. "घाबरू नकोस, टीमला नाही सांगणार. नाहीतर तुला काढूनच टाकतील."

उदय ओशाळला. "खिंडीपलीकडे रेस्क्यूवाले आहेत. मी त्यांना घेऊन येतो."

"पण माझ्या घरी, एजवेअरला फोन नको हां! बाबांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत डोंगर चढायचा नाही, असं आईनं बजावलंय. तुझ्या सुनेत्रावहिनीलासुद्धा थाप मारलीय. मी मेडनहेडला कॉन्फरन्सला आहे, कळलं ना?"

"कळलं, बाबा. झोपू मात्र नकोस." आपला थर्मास त्याच्याजवळ ठेवून उदय निघाला.

खिंड कसली, यमाचं अंगणच ते! बूट टेकावा तिथं घसरायचा. वारा थोबाडीत मारायचा. एकदा तर तो पार खाली गडगडत गेला, आईची आठवण झाली, पण गडी पुन्हा उठला. बोटं बधिर झाली होती, डोकं मात्र थांबत नव्हतं. हरीशची आई दर रविवारी त्याला हक्कानं जेवायला बोलवायची, आग्रह करकरून वाढायची. हरीशचं काही बरंवाईट झालं तर काकूंना काय तोंड दाखवायचं? आपल्या हातून हे घडलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याला भडभडून आलं.

दुपार कलताना तो रेस्क्यूवाल्यांच्या दारात कोसळला.

एका बाईनं त्याच्याभोवती ब्लँकेट गुंडाळलं, हातात गरम चहा दिला. दोन घोट पोटात गेल्यावर त्याच्या जिवात जीव आला. बाहेर हेलिकॉप्टर उभं होतं. पायलट हेल्मेट घेऊन आत आला.

"नशीब तुमचं, वारा पडलाय," तो म्हणाला. "आत्ता निघालो तर उजेड आहे तोवर कुणालाही उचलून आणता येईल. मागे कोण राहिलंय?"

उदयनं चहा संपवला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी एकटाच आलो होतो."