रजईची मागची बाजू

नणंदेने बाळाची रजई उलटी केली, तसं वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मशिनवर टिपेची प्रत्येक ओळ संपली की दोऱ्याची टोकं मागे ओढायची, गाठ मारायची आणि सुईने आतल्या कापसात सरकवायची. हे कंटाळवाणं काम तिने केलंच नव्हतं. मागची बाजू कोण बघतंय, म्हणून सगळी टोकं तशीच लोंबत ठेवली होती.

"वहिनी, एकही टोक दिसत नाही," नणंद म्हणाली. "एवढं निगुतीने कधी केलंत?"

वहिनीने वाकून पाहिलं. सकाळी घडी घालताना दिसलेले हिरवे दोरे कुठेच नव्हते.

"काढली सवड," ती म्हणाली. तिचे कान तापले.

नणंद रजई घेऊन सासूबाईंना दाखवायला आत गेली. वहिनीला मान वर करवेना. खाली बघताना तिला हाताच्या अंगठ्यावर हिरवा दोरा चिकटलेला दिसला. तिने तो चिमटीत धरून ओढला, तर दोऱ्याबरोबर कातडीही ताणली गेली.

तिने घाबरून चिमटी सोडली. ते टोक सावकाश कातडीच्या आत सरकलं. वर काहीच खूण राहिली नाही.

आतून नणंदेचा आवाज आला, "आई, हात फिरवून बघ. कुठे संपवलंय ते कळतच नाही."