मानेजवळचा पिकअप

ढोकीच्या त्या ऑर्केस्ट्रात गिटारवाले दोन, पण लोक डोलायचे ते दिग्विजयच्या भरदार, गोल सुरावर. गौरीशंकरचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यानं तारा बदलल्या, तारांखालचा, त्यांचा सूर पकडणारा पिकअप खाली-वर करून पाहिला. पण त्याची गिटार पत्र्यागतच वाजायची.

एका लग्नात दिग्विजय पंगतीला बसला, तसा गौरीशंकरनं त्याच्या गिटारीतला मानेजवळचा पिकअप वायरी तोडून काढला आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकला.

दिग्विजय हात पुसत आला. रिकाम्या खाचेकडं न बघताच त्यानं तार छेडली. तोच भरदार सूर मांडवभर घुमला.

गौरीशंकरच्या छातीवर खिसा थरथरला. त्यानं तळहात घट्ट दाबला, तसा मांडवातला सूर कोंडला.

दिग्विजय त्याच्याकडं वळला.

"हात काढ की, शंकऱ्या. लई गुदमरतंय."