वाक्य घेऊन ये

इंग्रजीच्या निवृत्त मास्तरांना फोनवर नुसत्या शब्दाचा अर्थ विचारायची सोय नव्हती. "'ग्लासेस' म्हणजे चष्मा की पेले? 'आर्म्स' म्हणजे हात की हत्यारं? मी काय ज्योतिषी आहे? वाक्य घेऊन घरी ये, मग सांगतो," असं म्हणून ते खाडकन फोन ठेवून देत.

लेकीने मात्र त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून तिचा फोन ते उचलतच नसत. 'त्या माणसा'चं तर घरात नाव काढायचीही चोरी होती.

आज जेवता जेवता लेकीचा मेसेज आला. "बाबा, 'आर्म्स' म्हणजे नेमकं काय हो?"

बायकोने वाकून वाचलं. "अहो, ही तर स्वतः कॉलेजात इंग्रजी शिकवते!"

"शिकवत असेल," मास्तर म्हणाले. ताटावरून उठले, हात धुतले, चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.



"वाक्य घेऊन घरी ये. जावईबापूंनाही आण, त्यांचंही इंग्रजी कच्चंच असणार."