एकाच झुडपाखाली

"पुन्हा बोललीस तर जीभ हासडीन!" धुरपताबाई भर चावडीत सुनेवर कडाडली.

तिचा धाकटा लेक आश्रुबा काल रानातले कंद खाऊन मेला होता. थोरल्या भुजंगनं ते डोंगरातून खणून आणले, दोन्ही घरी वाटले. भुजंगच्या घरी कुणाला काही झालं नाही. आश्रुबा मात्र अर्ध्या ताटावरून उठला, उलट्या करून करून गेला. त्याची बायको मनकर्णा तेव्हा जेवायलाही बसली नव्हती. आता ती जिंतूरहून आलेल्या पोलीस अमीनासमोर सांगत होती, "वाटणी मागितली म्हून ह्या थोरल्या दिरानं आमाला निवडून कळलावीचे कंद दिले, साहेब. जहर दिलं!"

भुजंगनं हात जोडले. "गोड कंदाचा वेल अन् कळलावीचा वेल एकाच झुडपाखाली येत्यात. पाला हिरवा असला की कळतंय, कळलावीच्या पानाचं टोक मुरडलेलं असतंय. आता पाला वाळून गेला. नुसत्या कंदाच्या तुकड्यावरनं कोन वळखील?"

"मलाही सांगता यायचं नाही," काशीनाथ वैद्य म्हणाले.

धुरपताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एक लेक सरणावर गेला, दुसऱ्याला ही बया फासावर चढवायला निघाली! शिपायानं दोन्ही घरांतले उरलेले तुकडे एकाच टोपलीत भरून आणले होते. तिनं ती टोपली पुढं ओढली.

"माझ्या लेकाला कळलं न्हाई, तसं मलाबी कळंना. घ्या, मी खाते! मेले तर ह्या भवानीचं तोंड तरी बंद हुईल."

हाताला लागला तो तुकडा तिनं पदराला पुसला आणि कचकन चावला.

"आत्याबाई, थुंका!" मनकर्णा किंचाळत धावली. भुजंग जागचा हलला नाही.

धुरपताबाईनं सुनेला ढकललं. रागारागानं दुसरा तुकडा उचलून तोंडाकडे नेला.

भुजंगनं झेप घेऊन तो तिच्या हातातून उडवला.

"ते न्हाई, माय! ते न्हाई!"

भुजंगचा हात तसाच अधांतरी राहिला. धुरपताबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती उठली, मनकर्णेला उराशी धरून अमीनाकडे वळली.

"लिव्हा, साहेब. मला एकच लेक हुता. त्यो काल गेला."